शनिवारी चर्च, रविवारी वॉर्ड

सोनौलीला नेपाळची सीमा ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करावं लागतं आणि आपले शंभर रुपये तिकडचे एकशे साठ होतात. भैरहवा आणि बुटवलपर्यंत तराईचा, म्हणजे सपाट मैदानी पट्ट्याचा उन्हाळा सोलापूरसारखाच भाजून काढतो. बुटवल सोडलं की सिद्धार्थ राजमार्ग डोंगरात शिरतो. पोटातलं ढवळून काढणारी वळणं संपता संपता बर्तुङ येतं आणि तिथून वर तानसेन. पाल्पा जिल्ह्याचं हे मुख्य गाव साधारण साडेचार हजार फुटांवर आहे. अख्खं गाव उतारावर वसलेलं, त्यामुळे दूध आणायला जायचं तरी चढ किंवा उतार आहेच.

मी मिरजेची, व्यवसायानं फिजिओथेरपिस्ट. मिरजेत वाढलेल्या माणसाला मिशन हॉस्पिटल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आमच्या चर्चच्या मंडळीनं प्रार्थना करून, प्रवासखर्चाला हातभार लावून मला मे-जूनसाठी इथल्या युनायटेड मिशन हॉस्पिटलमध्ये पाठवलं. पक्ष्यांचा अभ्यास करायला नेपाळात आलेल्या रॉबर्ट फ्लेमिंग यांच्या मोहिमांमध्ये इथल्या लोकांना दवाखान्याची किती गरज आहे ते दिसलं. पुढं १९५४ साली युनायटेड मिशन टू नेपाळ ही संस्था उभी राहिली आणि तानसेनचं हॉस्पिटलही तेव्हापासूनचं.

निघण्याआधीच एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. २०१५च्या संविधानानुसार नेपाळमध्ये दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे, तेव्हा रुग्णांना उपदेश करायचा नाही. मला ते पटलं. दुखणाईत माणूस उशीवर डोकं टेकून असताना त्याच्या अडचणीचा फायदा घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. त्याच्या गुडघ्याला नीट हात लावला, त्याचं म्हणणं पुरतं ऐकलं, तर माझ्या श्रद्धेचं तेवढं बोलणं पुरेसं आहे.

दिवस बसायला वेळ लागला तो जेवणामुळं. इथं सकाळी दहाच्या सुमाराला पूर्ण जेवण होतं: डाळ, भात, तरकारी, कधी मुळ्याचं लोणचं. दुपारी खाजा, म्हणजे चिवडा नाहीतर चाऊचाऊ (नूडल्स), आणि संध्याकाळी पुन्हा डाळभात. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण आधी ‘खाना खानुभयो?’ विचारतो. पोळीची आठवण पहिल्या आठवड्यातच यायला लागली. पण भूक त्या वेळापत्रकाला सरावली की सकाळच्या भातावर दुपारपर्यंत वॉर्डात उभं राहता येतं. पाण्याचं मात्र सांभाळूनच. डोंगरमाथ्याच्या या गावात पाऊस सुरू होईपर्यंत टंचाई असते. एका बादलीत अंघोळ आणि त्याच पाण्यात कपडे, हे दुष्काळी भागातल्या माझ्या मावशीकडे लहानपणी शिकले होते, ते कामी आलं.

आठवड्याची सुट्टी शनिवारी, म्हणून उपासनाही शनिवारी. चपला बाहेर काढायच्या, सतरंजीवर बसायचं, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. मादल या नेपाळी ढोलकीच्या ठेक्यावर भजनं सुरू झाली तेव्हा मला आमच्याकडची रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गीतं आठवली. टाळ-मृदंगावर वाढलेल्या आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांना हे परकं वाटूच शकत नाही. ‘जयमसीह’ म्हणून सगळ्यांनी हात जोडले आणि मी घरच्यासारखी त्या गर्दीत मिसळून गेले. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि सकाळपासून बाह्यरुग्ण विभागापुढं रांग.

कामात मी तिथल्या फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली होते आणि तेच योग्य होतं. मिरजेत माझ्याकडे बहुतेक मोटरसायकलवरून पडलेले येतात. इथं झाडावरून पडलेले. शेळ्या-म्हशींसाठी पाला तोडायला बायका आणि पुरुष उंच झाडांवर चढतात, फांदी मोडते आणि मणका, मांडी, मनगट जातं. चुलीत भाजलेली लहान मुलंही असतात. प्रत्येक रुग्णाजवळ एक कुरुवा, म्हणजे घरचं माणूस. तोच भरवतो, कूस बदलतो, औषधं आणतो. व्यायाम रुग्णाला शिकवताना मी कुरुवालाही समोर बसवू लागले, कारण घरी गेल्यावर माझं काम त्यालाच करायचं असतं.

मांडीचं हाड मोडलेल्या एका दिदीबरोबर मी सगळ्यात जास्त शिकले. मी तिला सपाट व्हरांड्यात कुबड्यांवर चालवत होते. आमच्या सिनियर मॅडमनी तिला विचारलं, ‘मोटरच्या रस्त्यापासून घर किती लांब?’ दोन तास, सगळी चढण. मग त्यांनी आम्हा दोघींना सरळ हॉस्पिटलबाहेरच्या दगडी पायऱ्यांवर नेलं. कुठली पायरी उंच, कुठली बुटकी, काही पावसानं गुळगुळीत झालेल्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. ‘बिस्तारै, दिदी, बिस्तारै,’ म्हणजे सावकाश, मी म्हणायची आणि ती कपाळावरचा घाम खांद्याला पुसून पुढची पायरी घ्यायची. सुरुवातीला चार पायऱ्यांवर तिला धाप लागली. पुढं तिचा नवरा खालून वर मोजू लागला आणि वॉर्डातली इतर मंडळी खिडकीतून बघू लागली.

असार महिन्याच्या पंधराव्या दिवशी, आपल्या जूनअखेरीला, भातलावणीचा सण असतो. दही-चिउरा खायचा, म्हणजे दही आणि पोहे. स्टाफसाठी मोठ्या पातेल्यात कालवला होता. त्याच आठवड्यात दिदीला घरी सोडलं. गावची दोन माणसं डोको घेऊन आली होती, फार अवघड टप्पा आला तर तिला टोपलीत बसवून पाठीवर न्यायला. तिनं डोको बघून मान हलवली आणि माझ्याकडे वळून विचारलं, ‘बहिनी, घाँस काट्न कहिले जाने?’ गवत कापायला कधी जाऊ? डॉक्टर परत तपासतील तोवर नाही, आणि झाडावर तर मुळीच नाही, असं मी तिच्या नवऱ्याकडून दोनदा वदवून घेतलं.