पाच नोव्हेंबरची सांगली

मराठी रंगभूमी दिन सगळ्या महाराष्ट्रात पाळतात, पण सांगलीत तो घरचं कार्य असल्यासारखा पार पडतो. ज्यांच्या घरात कुणी कधी तोंडाला रंग लावला नाही, तेही त्या दिवशी विष्णुदास भावे नाट्यमंदिराकडे वळतात. आमच्याकडे दिवाळीची तारीख कॅलेंडरात बघावी लागायची, पाच नोव्हेंबर मात्र पाठ. फराळाचे डबे त्या सुमाराला एक तर भरत आलेले असायचे, नाहीतर तळाशी गेलेले. वडील हौशी नट. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी तोंडावर आलेली असायची, तालमी रात्री उशिरापर्यंत चालायच्या. तरी त्या दिवशी सकाळी लवकर आंघोळ करून, इस्त्रीचा झब्बा घालून ते तयार. आम्हा भावंडांनाही बरोबर नेत.

लोकांना संध्याकाळचा समारंभ ठाऊक असतो, कारण त्याची बातमी छापून येते. मला विचाराल तर खरा सोहळा सकाळचा. रिकाम्या रंगमंचाच्या मधोमध पाट मांडलेला, त्यावर नटराजाची मूर्ती, शेजारी मराठी नाटकाची सुरुवात करणाऱ्या विष्णुदास भाव्यांची तसबीर, झेंडूच्या माळा. एरवी ज्या स्टेजवर राजवाडे आणि दिवाणखाने उभे राहतात तिथं त्या सकाळी नेपथ्य नावालाही नसायचं. कुणीतरी पेटीवर सूर धरायचं आणि नांदी सुरू व्हायची. सुरुवातीला चार-दोन आवाज, मग प्रेक्षागृहात बसलेली म्हातारी मंडळीही उठून उभी राहत आणि आपापल्या पट्टीत गायला लागत. सूर जुळायचे असं नाही, पण तसं भरून येणारं गाणं मी नंतर मोठमोठ्या मैफलींतही फारसं ऐकलं नाही. एका वर्षी नारळ वाढवायचा मान पडदा ओढणाऱ्या काकांना दिला. जन्मभर विंगेत उभं राहिलेला माणूस, प्रकाशात यायलाच तयार होईना. वडिलांनी हाताला धरून पुढं आणलं, "अहो, आज तुमच्याशिवाय पडदा वर जायचा नाही." तेव्हा कुठं ते आले, आणि टाळ्या थांबेनात.

पूजा झाली की कुणीतरी ज्येष्ठ माणूस भाव्यांची गोष्ट सांगायचा. दरवर्षी तीच गोष्ट. आम्हा पोरांना ती पाठ झालेली, तरी पुन्हा ऐकावीशी वाटायची. १८४२ मध्ये कर्नाटकातली भागवत मंडळी पौराणिक नाटकांचे खेळ घेऊन सांगलीत आली. अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी ते खेळ पाहिले आणि तसंच काही मराठीत करून दाखवण्याचं काम सोपवलं विष्णु अमृत भावे, म्हणजेच विष्णुदास, या पदरच्या तरुणाला. समोर मराठीतला कुठला नमुना नव्हता. भाव्यांनी पदं रचली, मुलं जमवली, त्यांना शिकवलं, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी आप्पासाहेबांसमोर 'सीतास्वयंवर' उभं केलं. सूत्रधारानं मागं उभं राहून पदं म्हणायची, त्याला मृदंग-झांजांची साथ, पुढं पात्रांनी अभिनय करायचा आणि भाषणं आयत्या वेळी सुचतील तशी. आधी गणपती यायचा, मग मोरावर बसलेली सरस्वती, मध्येमध्ये विदूषक. राक्षसांच्या आरोळीवरून लोकांनी त्या खेळांना 'अललडुर्र' म्हणून टाकलं. गोष्ट इथवर आली की सांगणारे काका ती आरोळी ठोकून दाखवत आणि पुढच्या रांगेतली बारकी पोरं दचकून आईच्या पदराआड जात.

भावे लाकडी बाहुल्याही घडवत. त्या बाहुल्या पाध्ये घराण्यानं जपल्या आहेत हे ऐकलं की आम्हाला कोण अभिमान वाटायचा, जणू आपल्याच आजोबांचं खेळणं कुणी सांभाळलंय.

१८५१ मध्ये आप्पासाहेब गेले आणि राजाश्रय संपला. मंडळी फिरतीवर निघाली, १८५३ मध्ये मुंबईत खेळ करून आली. या गोष्टीतला हा भाग मला थोर वाटतो. आश्रय गेल्यावर नाटक बंद पडलं असतं तर ती एका दरबारची हौस ठरली असती. ते लोकांच्या तिकिटावर उभं राहिलं म्हणून आज आपण त्याला रंगभूमी म्हणतो. आणि तीच रंगभूमी वर्षातून एकदा माघारी सांगलीत येते.

भाव्यांच्या वेळी इथं नाट्यगृह असं काही नव्हतंच. रंगभूमीला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९४३ मध्ये, सांगलीत शताब्दीचा मोठा उत्सव झाला. स्वातंत्र्यवीर सावरकर अध्यक्ष होते. आमच्या आजीनं तो गर्दीतून पाहिलेला. मांडव, माणसं, बैलगाड्या असं सगळं ती सांगायची, भाषणातलं मात्र तिला काही ऐकू आलं नव्हतं. आज भाव्यांच्या नावाचं जे नाट्यमंदिर उभं आहे, तिथल्या स्टेजवर गावातल्या कितीतरी मुलांनी नाटक सुरू होतानाची तिसरी घंटा पहिल्यांदा ऐकली. वडिलांचंही सगळं नाटक तिथंच झालं. नाट्यगृहात शिरल्यावर जुन्या पडद्यांचा आणि दाढी-मिशा चिकटवायच्या स्पिरिट गमचा जो मिश्र वास येतो, तो आला की ते शेजारच्या खुर्चीत आहेत असं वाटतं.

संध्याकाळी विष्णुदास भावे गौरव पदक. अखिल महाराष्ट्र नाट्य विद्यामंदिर समिती ते देते. पहिलं पदक बालगंधर्वांना दिलं, आणि त्यांचं नागठाणेही आमच्याच जिल्ह्यातलं. नाटककार देवल हरिपूरचे, नाटककार खाडिलकरांचा जन्म सांगलीचा. एवढी माणसं एका पंचक्रोशीतली, म्हणून या पदकाला वजन आहे. मोठमोठे नट मुंबई-पुण्याचे प्रयोग बाजूला ठेवून ते घ्यायला इथं येतात. प्रास्ताविकं लांबतात, हार-तुरे लांबतात, ते चालायचंच. शेवटी कलावंत उत्तराला उभा राहिला की प्रेक्षागृह एकदम गप्प होतं. बहुतेक जण बोलताना भाव्यांच्या तसबिरीकडे वळून बघतात. कित्येकांचा आवाज तिथं कापरा झालेला मी ऐकला आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर सांगलीच्या आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेला. गाव चिखलातून बाहेर यायला महिने लागले. तरी नोव्हेंबरात रोहिणी हट्टंगडींना पदक दिलं गेलं. त्या वर्षी आलेल्यांत कितीतरी जण घरातलं सगळं सामान गमावलेले होते, आणि ते धुतलेले, नीट इस्त्री केलेले कपडे घालून आले होते. पुढच्या वर्षी साथीमुळं नाट्यगृहं बंद होती. राज्य सरकारनं ती निम्म्या प्रेक्षकांसाठी उघडायला परवानगी दिली ती नेमकी ५ नोव्हेंबर २०२० पासून. बातमी वाचून वडिलांच्या जुन्या मंडळींपैकी एकांचा फोन आला. "बघा, भाव्यांनीच दार उघडलं," एवढंच म्हणाले, आणि पुढं त्यांना बोलवेना. २०२३ मध्ये प्रशांत दामल्यांना पदक मिळालं, आणि त्याच डिसेंबरात शंभराव्या नाट्य संमेलनाची मुहूर्तमेढ सांगलीत रोवली गेली, तेव्हा ती मंडळी पुन्हा पहिल्या रांगेत होती.

हल्ली संध्याकाळी जागा मिळत नाही, सकाळी मात्र मागच्या रांगा मोकळ्या दिसतात. शाळांनी त्या भरायला हव्यात. सुट्टी नसेल तर दोन तास उशिरा शाळा भरवावी, पण पोरांना पूजेला आणावं, स्टेजवर चढू द्यावं, विंगेत डोकावू द्यावं, आणि अललडुर्रची आरोळी त्यांच्याकडूनच ठोकून घ्यावी.