टॉर्टिया फ्लॅट, १९४५

पुस्तक हातात आलं की मी आधी प्रकाशनाचं ठिकाण बघते. सांगलीतल्या एका महाविद्यालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होते, ती सवय अजून आहे. बॅरी स्टॉर्म यांच्या 'थंडर गॉड्स गोल्ड' या हरवलेल्या सोन्याच्या खाणीवरच्या पुस्तकाच्या आतल्या पानावर छापलंय : टॉर्टिया फ्लॅट, ॲरिझोना, १९४५. हे टॉर्टिया फ्लॅट म्हणजे अपाची ट्रेल या डोंगरी रस्त्याच्या वळणावरची चार घरं. लोकसंख्या सहा, अशी पाटी तिथे आहे. अशा जागेचं नाव घेऊन निघालेली पहिली आवृत्ती मला हवी होती. तिला तीन हिवाळे गेले.

थंडीचे चार महिने मी ॲरिझोनातच, मेसा या शहरात मुलाकडे असते. मागच्या अंगणातून सुपरस्टिशन डोंगर दिसतो. उभा कातळ, आणि संध्याकाळी असा तांबडा होतो की हातातलं काम राहतं. पहिल्याच वर्षी सुनेनं त्याची गोष्ट सांगितली. जेकब वॉल्ट्झ नावाचा म्हातारा जर्मन माणूस, त्याची सोन्याची गुप्त खाण या डोंगरात होती म्हणतात. जर्मनांना तेव्हा इथे सर्रास 'डच' म्हणत, म्हणून ती 'लॉस्ट डचमन'ची खाण. फेब्रुवारी १८९१ मध्ये सॉल्ट नदीला मोठा पूर आला आणि त्याचं नदीकाठचं बस्तान वाहून गेलं. फिनिक्समध्ये बेकरी चालवणाऱ्या ज्यूलिया थॉमसनं त्याची शुश्रूषा केली. २५ ऑक्टोबर १८९१ ला तो गेला. जाण्याआधी त्यानं तिला खाणीची वाट सांगितली, असं म्हणतात. पुढच्या उन्हाळ्यात, भर ऑगस्टात, ती दोन पेट्राश भावांना घेऊन डोंगरात गेली आणि रिकाम्या हातानं परतली.

सुनेला वाटलं मला सोन्याचं नवल वाटेल. माझ्या डोक्यात पूर राहिला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा मी निवृत्त झालेले होते, पण पाणी ओसरल्यावर एका वाचनालयात पुस्तकं उपसायला गेले. भिजलेल्या पानांच्या लाद्या झाल्या होत्या. चिखलानं कण्यावरची नावं गेलेली. काही पुस्तकं मी तिथे शेवटची पाहिली, कारण ती पुन्हा कुणी छापलेलीच नव्हती. तेव्हापासून 'आउट ऑफ प्रिंट' हे दोन शब्द वाचले की पोटात कालवतं. म्हणून या खाणीबद्दल काय काय छापलं गेलं आणि त्यातलं काय उरलंय, ते मी शोधायला लागले.

फ्रँक डोबी यांचं 'कोरोनाडोज चिल्ड्रन' लगेच मिळालं. १९३० चं आहे, पण लिटररी गिल्ड या पुस्तक-मंडळानं ते निवडलं होतं, त्यामुळे जुन्या प्रती घरोघरी आहेत. सिम्स इली यांचं 'द लॉस्ट डचमन माइन' मात्र मागून मागून मिळालं, तेही एका ग्रंथालयातून बाद झालेलं. मागच्या खिशात तारखांचं कार्ड तसंच होतं, ते मी काढलं नाही. इली फिनिक्सच्या वर्तमानपत्राचे संपादक होते, पुढे बोल्डर सिटीचे सिटी मॅनेजर झाले. जिम बार्क या गुरांच्या मालकाबरोबर त्यांनी कित्येक वर्षं ही खाण शोधली. पुस्तक १९५३ मध्ये निघालं तेव्हा नव्वदी उलटून गेली होती. पुढच्याच वर्षी ते वारले. आयुष्यभर ऐकलेलं सगळं कागदावर उतरवायची घाई त्या वाक्यांत जाणवते. मला या सगळ्यांत तेच पुस्तक सर्वांत प्रिय आहे.

एकच पुस्तक वाचून भागत नाही, हे मला ओळीनं वाचल्यावर कळलं. सप्टेंबर १८९२ मध्ये फिनिक्सच्या वर्तमानपत्रात ज्यूलियाच्या मोहिमेची छोटी बातमी आली होती. त्यात मरणाऱ्या म्हाताऱ्यानं सांगितलेलं गुपित आहे, एक हरवलेली झोपडी आहे आणि डोंगराच्या पश्चिम टोकामागची जागा आहे. बस. ही खाण आधी ज्यांची होती असं पुढे सांगितलं गेलं, ते मेक्सिकोचं पेराल्टा घराणं नाही. आणि १९४५ च्या स्टॉर्मकडे या, पेराल्टांचे नकाशे, खाणकामगारांवर अपाची या तिथल्या मूळ जमातीचा हल्ला, सगळं भरलेलं. पन्नास वर्षांत खाण कागदावर वाढत गेली. ही वाढ बघायची तर प्रत्येक थराची त्या त्या वेळची प्रत लागते, आणि म्हणूनच नंतरच्या पुनर्मुद्रणावर माझं समाधान होत नाही.

यातला ॲडॉल्फ रूथचा भाग वाचताना मी दर वेळी थांबते. वॉशिंग्टनहून आलेला वयस्क माणूस, आधीच्या एका शोधात पडून पाय अधू झालेला. जून १९३१ मध्ये नकाशा घेऊन डोंगरात गेला. डिसेंबरमध्ये त्याची कवटी सापडली, तिला भोकं होती. पुढे त्याच्या सामानात सापडलेल्या टिपणात 'व्हेनी, व्हिडी, व्हिसी' असं लिहिलेलं होतं : आलो, पाहिलं, जिंकलं.

स्टॉर्मची प्रत शेवटी अपाची जंक्शनच्या एका एस्टेट सेलमध्ये मिळाली. घरातलं माणूस गेलं की त्याचं सगळं सामान किंमतीच्या चिठ्ठ्या लावून विकतात, त्याला एस्टेट सेल म्हणतात. उत्तरेकडच्या थंड राज्यांतून हिवाळ्यापुरते येऊन इथेच स्थायिक झालेले बरेच म्हातारे या भागात आहेत, त्यांच्या गॅरेजमध्ये अशी पुस्तकं असतात. गळ आणि हातोड्यांच्या खोक्यात हे पुस्तक होतं. बारा डॉलर. वेष्टण नाही, एक कोपरा उंदरांनी खाल्लेला, पण नकाशे शाबूत. आणि एका नकाशावर, वीव्हर्स नीडल या सुळक्याच्या दक्षिणेला, बारीक पेन्सिलीत लिहिलेलं : मार्च १९५८, पाणी नाही. त्याच्याखाली त्याच हातानं : १९६१, पुन्हा नाही. त्यापुढच्या ओळी पुसट आहेत, भिंग लावूनही लागत नाहीत. १९८४ पासून सुपरस्टिशन डोंगराच्या राखीव अरण्यात खाणीचा नवा दावा लावता येत नाही. हा माणूस त्याच्या आधी कधी थांबला की नंतरही जातच राहिला, ते ती पानं सांगत नाहीत.

मी त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं. पेन्सिलीच्या पानांमध्ये पातळ कागद ठेवला. माझ्या वहीत दाखल क्रमांक २३.

क्रमांक २४ ची ओळ जॉन मिचेल यांच्या १९३३ च्या 'लॉस्ट माइन्स ऑफ द ग्रेट साउथवेस्ट'साठी राखलेली आहे. त्याचं पुनर्मुद्रण आहे माझ्याकडे, मूळ नाही. येत्या शनिवारी सकाळी सातला अपाची जंक्शनलाच आणखी एक सेल आहे. जाहिरातीतल्या फोटोत गॅरेजच्या कोपऱ्यात पुस्तकांचं कपाट दिसतंय. खालच्या कप्प्यात एक बारकं पुस्तक आहे, कणा उन्हानं उडालेला. फोटो कितीही मोठा केला तरी नाव वाचता येत नाही. मुलगा साडेसहाला गाडी काढतो म्हणालाय.