आमची वाटचाल : भोसरीच्या बोर्डावरचा ४.९ कर्नल

आमच्या फर्मचं स्वतःचं प्रॉडक्ट नाही. गिऱ्हाइकाच्या बोर्डासाठी (त्याच्या यंत्रातल्या छोट्या कॉम्प्युटरसाठी) लिनक्स कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, पॅच (कोडमधल्या बदलांच्या फाइली) लिहायचे आणि पुढे पाच-सहा वर्षं ते चालते ठेवायचे, एवढाच धंदा. लिहिण्याचे पैसे लोक मुकाट्याने देतात. चालते ठेवण्याचं बिल पाठवलं की फोन येतो, "पॅच तर तोच आहे ना?"

तोच नसतो. टायमरचंच घ्या. पूर्वी कॉलबॅकला (वेळ झाली की कर्नल जे फंक्शन बोलावतो त्याला) अनसाइन्ड लाँग आकडा मिळायचा, आता टायमर-लिस्टचा पॉइंटर मिळतो. जुनी पद्धत ४.१५ मध्ये काढूनच टाकली. मेनलाइनमधली (लिनक्सच्या मूळ, पुढे जाणाऱ्या कोडमधली) दुरुस्ती गिऱ्हाइकाच्या जुन्या ४.९ वर मागे आणताना, म्हणजे बॅकपोर्ट करताना, कंपायलर कुरकुरतो. कास्ट मारून (प्रकार जबरदस्तीने बदलून) त्याला गप्प केलं की बिल्ड सुरळीत होतो आणि बोर्ड पहिल्याच टायमरला आडवा होतो, कारण पॉइंटरवरून मूळ स्ट्रक्चर शोधणारा कंटेनर-ऑफ भलत्याच आकड्यातून वजाबाकी करत बसतो. वॉर्निंग मिटवणं म्हणजे बॅकपोर्ट नव्हे, हे नव्या पोरांना आम्ही पहिल्या आठवड्यात सांगतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा सांगतो.

पहिलं टिकलेलं गिऱ्हाईक भोसरीचं, डेटा लॉगर बनवणारं. त्यांच्या साहेबांसारखा लॉग पाठवणारा माणूस आम्हाला दुसरा मिळाला नाही. सिरीयल कन्सोलचा लॉग बूटच्या पहिल्या ओळीपासून, टेक्स्ट फाइलमध्ये, सोबत त्याच बिल्डचा व्हीएमलिनक्स (लॉगमधल्या पत्त्यांवरून कोडची ओळ शोधायला लागणारी कर्नलची फाइल). बाकीचे स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवतात. त्यात शेवटच्या पंधरा ओळी असतात, पण पहिला ऊप्स (कर्नलचा एरर रिपोर्ट) आधीच वर सरकून गेलेला असतो. खालचे सगळे त्याचेच परिणाम. आणि व्हीएमलिनक्स त्याच बिल्डचा नसेल तर डिकोड-स्टॅकट्रेस स्क्रिप्ट बेधडक चुकीची ओळ दाखवते.

सुरुवातीची हत्यारं साधी होती: क्विल्ट (पॅच ओळीने लावणारं टूल), पॅचेस फोल्डर आणि त्यातली सिरीज फाइल, वरून खाली लागणारी. दर स्टेबल अपडेटला (त्याच कर्नलच्या दुरुस्त्यांच्या नव्या आवृत्तीला) क्विल्ट पुश, अडेल तिथे हाताने दुरुस्ती, मग रिफ्रेश. याच क्विल्टने आम्हाला जवळजवळ बुडवलं होतं. चूक आमची होती, हे आधीच सांगून टाकतो.

भोसरीच्या फील्डबस (कारखान्यातली यंत्रं जोडणारी केबल) ड्रायव्हरमध्ये एक छोटी दुरुस्ती होती: रिसीव्ह फंक्शनच्या एरर-वाटेवर रिटर्नच्या आधी स्पिन-अनलॉक, म्हणजे दोन कोअरनी एकाच वेळी डेटाला हात लावू नये म्हणून घातलेलं कुलूप उघडणं. एका अपडेटला आजूबाजूच्या ओळी बदलल्या आणि पुश करताना ओळ आली, 'हंक २ लागला, फझ २, ऑफसेट २१२ ओळी'. हंक म्हणजे पॅचमधला एक तुकडा; लागला म्हटल्यावर पुढे गेलो. फझ २ म्हणजे जागा ओळखायला दिलेल्या संदर्भाच्या तीन-तीन ओळींपैकी बाहेरच्या दोन-दोन जुळल्या नाहीत तरी चालवून घेतलं. उरली दोन्ही बाजूंची एकेक ओळ, आणि त्यातली एक 'रिटर्न मायनस ईआयओ', म्हणजे एरर परत देणारी. ती ट्रान्समिट फंक्शनमध्येही तशीच होती. पॅच तिथे जाऊन बसला. जिथे कुलूप आधीच उघडलेलं होतं तिथे ते दुसऱ्यांदा उघडलं आणि रिसीव्हमधलं बंदच राहिलं. कंपाइलला एक वॉर्निंग नाही.

टेस्टमध्ये का सापडलं नाही? आमचा टेस्ट बोर्ड एका कोअरचा, कर्नल प्रीएम्प्ट-नन (कर्नलचं चालू काम मध्येच न थांबवणारा). अशा बिल्डमध्ये साधा स्पिन-लॉक जवळजवळ शून्य कोड होतो. कुलूपच नाही तर अडकणार काय? साहेबांचा नवा बोर्ड दोन कोअरचा. कारखान्यात केबलवर सीआरसी एरर (डेटा खराब आल्याची खूण) आला की कोड त्या वाटेने जायचा, आणि पुढे जो कोअर लॉक मागेल तो तिथेच फिरत राहायचा. कन्सोलवर सॉफ्ट लॉकअप, सीपीयू २२ सेकंद अडकलेला.

बायसेक्टने (बदल निम्मे-निम्मे करत, 'गुड' की 'बॅड' ठरवत दोष शोधण्याने) आठ दिवस खाल्ले. फॉल्ट कधीतरीच येतो, त्यामुळे एका पायरीला चुकून 'गुड' म्हटलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या भलत्या दिशेला. (अशा फॉल्टला 'बॅड' लगेच म्हणा, 'गुड' म्हणण्याआधी रात्रभर चालवा.) शेवटी जुनी आणि नवी सिरीज गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या टूलमध्ये) आणून रेंज-डिफ (दोन सिरीजमधला फरक दाखवणारा) लावला. पॅच अक्षरशः तोच, फक्त हंकच्या माथ्यावरचं फंक्शनचं नाव वेगळं. दोन मिनिटांचं काम. प्रूव्ह-लॉकिंग (कर्नलची कुलूप-तपासणी, म्हणजे लॉकडेप) चालू ठेवून सीआरसी एरर मुद्दाम घडवला असता, तर एका कोअरवरही लॉकडेप ओरडला असता.

त्याच आठ दिवसांत एक मोठी कंपनी साहेबांकडे जाऊन आली. एकरकमी भाव, नवा कर्नल, सगळं आमच्याकडे द्या. काम गेलं. त्यांनी आमचेच पॅच उचलले. लायसन्स जीपीएल २ आहे, उचलायचा हक्क आहेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण मेलमधला पॅच लावणारा गिट-एएम वापरला असता तर मेलमधली फ्रॉम ओळ आणि साइन्ड-ऑफ-बाय (सहीची ओळ) आपोआप राहिली असती. त्यांनी पॅच-पी१ मारून (नुसते बदल लावून) वर स्वतःचा कमिट (इतिहासातली नोंद) केला. लेखक तेच झाले, आणि त्यातला एक पॅच त्याच नावाने मेनलाइनला गेला. आजही गिट ब्लेम (कुठली ओळ कोणाची ते दाखवणारं) केलं की ते नाव दिसतं आणि जेवण गोड लागत नाही.

बाकीचे पॅच त्यांनी एकाच ढिगात स्क्वॉश केले होते. पुढच्या स्टेबलला तो ढीग लागेना, आणि कुठली ओळ कुठल्या कारणाने आली हे सांगायला कमिट मेसेज नव्हता. साहेब परत आले. भाव आम्ही वाढवला नाही; वाढवायला हवा होता.

तेव्हापासून आमच्याकडे फझ शून्य आहे. प्रत्येक बॅकपोर्ट चेरी-पिक -एक्सने (एकेक कमिट उचलून आणत), म्हणजे मूळ कमिटचा हॅश (ओळख-क्रमांक) मेसेजमध्ये राहतो. रिरिअर (अडलेल्या जागी आधी केलेली दुरुस्ती लक्षात ठेवणारी गिटची सोय) चालू, पण तो जुनी चूकही इमानाने पुन्हा लावतो, म्हणून रेंज-डिफ डोळ्यांनी वाचल्याशिवाय काही बाहेर जात नाही. आणि जे जाईल ते मेनलाइनला पाठवायचं. पाठवताना फिक्सेस ओळीत (कुठल्या कमिटची चूक दुरुस्त केली ते सांगणाऱ्या) हॅशची १२ अक्षरं द्या. ऑफिसच्या मेल सर्व्हरवरून पाठवू नका. तो टॅबचे स्पेस करतो आणि खाली 'हा मेल गोपनीय आहे' चिकटवतो. असा पॅच लागतही नाही आणि कोणी घेतही नाही.

४.९ चा सपोर्ट जानेवारी २०२३ मध्ये संपला. त्याच वर्षी एलटीएसची (दीर्घ सपोर्टच्या कर्नलची) मुदत सहा वर्षांवरून दोनवर आणणार असं जाहीर झालं. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलवाले स्वतःच सीव्हीई नंबर (सुरक्षेच्या दोषांचे क्रमांक) देऊ लागले, आणि गिऱ्हाइकांच्या ऑडिटवाल्यांच्या याद्या पानापानांच्या झाल्या. त्यातले बरेच ड्रायव्हर आपल्या कॉन्फिगमध्ये (कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्या यादीत) नसतातच. यादी आधी डॉट-कॉन्फिगशी ताडून पाहा, मग घाबरा.

साहेबांना आता रिअल-टाइम (ठरलेल्या वेळेत हमखास काम) हवंय. त्यासाठीचा प्रीएम्प्ट-आरटी कर्नल ६.१२ मध्ये मेनलाइनला आला तेव्हा त्यांनी पेढे पाठवले. पण तो आला एक्स८६, आर्म६४ आणि रिस्क-व्ही या जातींच्या प्रोसेसरांसाठी, आणि भोसरीचा बोर्ड ३२ बिट आर्मचा. त्यामुळे आरटीचे बाहेरचे पॅच सिरीजमध्ये घ्यावेच लागले. पेढे मात्र आम्ही परत केले नाहीत.