मशीन घेऊन फिरायचं कुठं?
मित्राचा मेटल डिटेक्टर आज हाताला लागला. जो तो म्हणतोय, सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात जा! अरे, संरक्षित स्मारक आहे ते. तिथं खणलं की थेट पोलीस स्टेशन. माझं मत, माणसं बसली-उठली ती जागा बघावी. जुना बैलबाजार, सिद्धेश्वराच्या गड्ड्यासारखी यात्रा भरायची ती मैदानं (परवानगी काढून हां), वाटेवरची चिंच.

मामाला विचारून त्याच्याच रानात चिंचेखाली फिरवलं. आधी नुसती बाटल्यांची बुचं. मग बैलाच्या खुराची झिजलेली पत्री (नाल), खिळ्यांची भोकं काळ्या मातीनं गच्च बुजलेली. आणि दहा पैशाचं नागमोडी काठाचं नाणं!

मामी म्हणाली, "हंडा घावला तर मला सांग." सांगतो की! पण १८७८ च्या कायद्यानं दहा रुपयांवरचं गुप्तधन आधी कलेक्टरला कळवावं लागतं, मामे.