खडकीची वॉर सिमेट्री: आघाडी न पाहिलेले सैनिक

होळकर पुलाजवळ, मुळा रस्त्यालगत असलेल्या खडकीच्या वॉर सिमेट्रीवरून पुणेकर वर्षानुवर्षे ये-जा करतात, पण आत पाऊल टाकणारा विरळाच. पावसाळा सरल्यावर एका सकाळी मी तिथे मुद्दाम गेलो. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिकांच्या कबरी येथे आहेत आणि त्यांतील पुष्कळशा पश्चिम व मध्य भारतातील अशा जुन्या दफनभूमींतून हलवलेल्या आहेत, जिथे त्यांची कायमची निगा राखली जाण्याची खात्री नव्हती. लढाईची आघाडी तर शेकडो कोस दूर, ब्रह्मदेशाच्या सीमेवर होती. मग इतकी तरुण माणसे इकडे कशाने गेली, हाच प्रश्न घेऊन मी रांगांमधून फिरत होतो.

एका पांढऱ्या दगडापाशी रेंगाळलो. वर पलटणीचे चिन्ह, खाली क्रमांक, हुद्दा, नाव, १९४३ मधली तारीख, वय एकवीस, मग क्रूस आणि अगदी तळाशी, गवताच्या पात्यांआड अर्धवट झाकलेली, घरच्यांनी कोरून घेतलेली एक ओळ. मरणाचे कारण मात्र कुठेच नव्हते. शेजारच्या वाफ्यातले तण काढणाऱ्या माळीकाकांना विचारले, "काका, हे सगळे लढाईतच गेले का हो?"

"छे हो साहेब, तापानं गेलेलीच जास्त असणार. बोटीतून उतरली पोरं अन् इथलं पाणी बाधलं."

काकांचा हा अंदाज इतिहासाला धरूनच आहे. परदेशातून आलेल्या पलटणींना आघाडीवर धाडण्यापूर्वी हिंदुस्थानात जंगलयुद्धाचे शिक्षण दिले जाई, आणि हिवताप, हगवण, विषमज्वर त्यांना तिथेच गाठत. विषमज्वरावर गुणकारी ठरलेले क्लोरॅम्फेनिकॉल १९४८ मध्ये वापरात आले, म्हणजे १९४३ मध्ये आजारी पडलेल्याच्या वाट्याला शुश्रूषा आणि नशीब एवढेच होते. १९४२ मध्ये जावा बेट जपानच्या हाती गेल्याने हिवतापावरचे औषध असलेल्या क्विनीनचा मुख्य पुरवठाही तुटला आणि सैनिकांना मेपाक्रिनच्या गोळ्यांवर भागवावे लागले, ज्यांनी कातडी पिवळी पडे. ब्रह्मदेश आघाडीचे सेनापती स्लिम यांनी नोंदवले आहे की १९४३ मध्ये जखमी म्हणून मागे आणलेल्या एका सैनिकामागे १२० आजारी सैनिक मागे आणावे लागत होते. आघाडीवर ही गत, तर मागच्या छावण्यांमध्ये डासांनी गय केली असेल असे मानण्याचे कारण नाही.

या स्मशानांची व्यवस्था पाहणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचा नियम मला फार न्याय्य वाटतो. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात लष्करी सेवेत असताना ज्याला मरण आले, त्याला तो दगड मिळतो, मग ते मरण गोळीने आलेले असो की तापाने. हुद्द्यानेही दगड लहानमोठा होत नाही.

ज्यांच्या कबरी येथे नाहीत, त्यांची नावे स्मारकांवर आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मरण पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावे तर आहेतच, शिवाय दुसऱ्या महायुद्धातील १९३ पूर्व व पश्चिम आफ्रिकी सैनिकांचीही आहेत. हे १९३ जण हिंदुस्थानात, जिथे लढाई नव्हती अशाच भागांत मरण पावले. इंग्रज सैनिकांच्या हालअपेष्टांविषयी पुष्कळ लिहिले गेले, पण नायजेरिया किंवा केनियातून समुद्र ओलांडून आलेल्या या माणसांची पुण्यात कुणाला गंधवार्ताही नसते, याची खंत वाटली.

दुपारी खडकवासल्याला गेलो, कारण युद्धकाळात सैनिकांना दिल्या जाणाऱ्या शिक्षणाची एक खूण पुण्याच्या अंगणातच आहे. जलाशयाच्या उत्तर काठावर तेव्हा संयुक्त सैनिकी प्रशिक्षण केंद्र होते आणि एचएमएस अँगोस्टुरा नावाचे एक नकली जहाज उभारलेले होते, ज्यावरून सैनिक शत्रूच्या किनाऱ्यावर उतरण्याची तालीम करत. समुद्रावरच्या लढाईचा सराव मुठेच्या गोड्या पाण्यात चाले! युद्धानंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा शोधताना ही तयार सोय जमेची ठरली. तिच्या हद्दीत परवानगीवाचून जाता येत नाही, तेव्हा मी तो काठ चौपाटीवरून, कणसे आणि भजी खाणाऱ्यांच्या गर्दीत उभा राहून पाहिला.