शिट्ट्यांची मिनिटं

ओटाव्यात नव्याने आलेलं एखादं मराठी जोडपं घरी जेवायला आलं की वरणभाताचे दोन घास पोटात गेल्यावर प्रश्न येतोच. "ताई, वरण इन्स्टंट पॉटमध्येच लावता ना? आमचं एकदा कच्चं राहतं, एकदा पार लगदा होतो. किती मिनिटं ठेवता?" मी मिनिटं सांगते. मग मटकीचं विचारतात, मग राजम्याचं, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "एवढं सगळं लक्षात कसं राहतं तुमच्या?" ते लक्षात राहत नाही, लिहून ठेवलेलं आहे. कसं लिहिलंय ते हात धुता धुता सांगून होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट बसून लिहिते.

सुरुवात आईच्या वहीपासून करावी लागेल. मी इकडे यायला निघाले तेव्हा तिने तिची स्वयंपाकाची वही स्वतःच्या हाताने उतरवून मला दिली. त्यात आमटीचं पान असं आहे: "तूरडाळ १ वाटी, हळद, हिंग, तेल. ३ शिट्ट्या. घोटून घेणे. चिंच, गूळ, गोडा मसाला, फोडणी." एवढंच. साताऱ्याच्या स्वयंपाकघरात तेवढं पुरतंही. मी इथे घेतलेलं भांडं, म्हणजे इन्स्टंट पॉट, मात्र शिट्टीच देत नाही. ते मिनिटं विचारतं.

हे भांडं तसं आमच्याच गावचं. रॉबर्ट वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते इथे ओटाव्यात घडवलं आणि २०१० मध्ये बाजारात आणलं. विजेवर चालणारा प्रेशर कुकर, त्याच भांड्यात भात, वाफवणं, परतणं, दही लावणं, मंद आचेवर तासन् तास शिजवणं, गरम ठेवणं. म्हणून खोक्यावर 'सात कामं' असं लिहिलेलं असतं. माझ्याकडे सातांपैकी चार कामं रोजची आहेत. पण रोजचं होईपर्यंत वर्ष गेलं, कारण मी तीन शिट्ट्यांच्या जागी कधी तीन मिनिटं लावत होते, कधी पंधरा.

शेवटी एका शनिवारी रात्री साडेनऊला आईला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे रविवारची सकाळ, आठ वाजलेले. म्हटलं, तू रोजच्यासारखा कुकर लाव, फोन ओट्यावर टेकवून ठेव, मी घड्याळ लावून बसते. पहिली शिट्टी सातव्या मिनिटाला झाली. तिने गॅस थोडा कमी केला. बाराव्या मिनिटापर्यंत उरलेल्या दोन झाल्या. मला वाटलं, झालं. पण तिने गॅस अगदी बारीक करून पाच मिनिटं तसाच ठेवला, मग बंद केला आणि ती देवपूजेला गेली. कुकर उघडला तो वीस मिनिटांनी.

"अगं आई, हे बारीक गॅसचं वहीत का नाही लिहिलंस?"

"त्यात काय लिहायचं? शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक करतातच. आणि प्रेशर उतरल्याशिवाय कुकर कोण उघडतं?"

म्हणजे "३ शिट्ट्या" याचा खरा अर्थ होता साधारण दहा मिनिटं दाबाखाली आणि वर वीस मिनिटं झाकलेलं. त्या वीस मिनिटांत डाळ शिजतच असते. मी वर्षभर मिनिटं संपली रे संपली की वाफ सोडून झाकण काढत होते, आणि वर डाळीचा फेस वाफेच्या तोंडातून उडून भिंतीवर जात होता तो वेगळाच.

दुसरा फरक दाबाचा. गॅसवरच्या आपल्या कुकरमध्ये दाब साधारण १५ पीएसआय (हे दाबाचं माप) असतो, त्याला आतलं तापमान १२१ अंशांच्या आसपास जातं. या भांड्यात 'हाय'वरही दाब दहा ते बाराच्या मध्ये राहतो, म्हणजे ११५ ते ११७ अंश. चार-पाच अंशांनी काय होतंय असं वाटतं, पण डाळीला ते कळतं. म्हणून तेवढ्याच मऊपणाला इथे थोडी जास्त मिनिटं लागतात. शिवाय मिनिटं मोजायला सुरुवात होते ती दाब चढल्यावर. पडद्यावर आठ दिसले तरी दाब चढायची दहा-बारा मिनिटं आणि उतरायची पंधरा धरून जेवण अर्ध्या तासाच्या पुढेच. तेव्हा कुणी "याने वेळ वाचतो का" असं विचारलं तर माझं उत्तर नाही असंच असतं. वाचतं ते उभं राहणं. कान शिट्टीकडे ठेवावा लागत नाही, मुलाचा अभ्यास अर्ध्यावर टाकून गॅस बंद करायला धावावं लागत नाही. माझ्यासाठी ते फार मोठं आहे.

तिसरी भानगड वाटीची. आईची आमटीची वाटी मी भारतातून येताना मागून आणली आणि पाण्याने मोजली: १५० मिली. भांड्याबरोबर जो प्लॅस्टिकचा मोजकप मिळाला तो १८० मिलीचा. इथल्या पाककृतींतला कप २५० चा. एका ओट्यावर तीन मापं, आणि मी तिन्ही अधूनमधून वापरत होते. मग भात कधी फडफडीत, कधी गिचका, यात नवल काय? आता सगळं ग्रॅममध्ये लिहिते. आईची वाटीभर तूरडाळ म्हणजे सुमारे १३० ग्रॅम.

त्या रविवारनंतर आम्ही दर आठवड्याला एक पदार्थ घ्यायचो. मी मोजायचे, आई करायची, मग सोमवारी मी इथल्या भांड्यात करून बघायचे. बसलं की वहीत उतरवायचं. सासूबाई रत्नागिरीच्या, वालाच्या बिरड्याची वेळ विचारली तर म्हणाल्या, "बिरडं कुकरात घालायचं नाही, मोडतं." मी तरी एकदा लावलं. एका मिनिटातही सगळे वाल फुटले. तेव्हा बिरड्याच्या नावापुढे वहीत मिनिटांच्या जागी "परतून, झाकणावर पाणी ठेवून" असं लिहिलंय. कुठला पदार्थ या भांड्यात करू नये हेही मी लिहून ठेवते. साबुदाण्याची खिचडी नाही. भरली वांगी दोनदा केली, दोन्ही वेळा मसाला खाली बसला आणि वांगी गाळ झाली, ती कढईतच. फोडणी भांड्यातल्या परतण्याच्या बटणावर होते, पण मोहरी तडतडायला वेळ लावते आणि हिंगाचा वास मरतो, म्हणून मी आमटीची फोडणी लोखंडी पळीत गॅसवर करून वरून ओतते.

आता वही लावलीय कशी ते. आधी मी पदार्थाच्या नावाने लिहीत होते. मग फोनमधल्या तक्त्यात गोडं वरण 'ग'मध्ये, आंबट वरण 'आ'मध्ये, नि मोड आलेल्या मटकीची उसळ 'म' सोडून 'उ'मध्ये जाऊन बसायची. शोधताना माझ्याच नावांनी मला दमवलं. आता पहिला शब्द घरात असलेल्या जिन्नसाचा: "तूर – गोडं वरण", "तूर – आंबट वरण", "मटकी – उसळ", "हरभराडाळ – पुरण". सगळं देवनागरीत, कारण रोमन लिपीत लिहिलं की आमटीची तीन स्पेलिंगं होतात. पुढे पाच रकाने: भिजवणं, पाणी, मिनिटं, वाफ कशी उतरवायची, आणि शेरा. शेऱ्यात तारीख असते, कारण डाळ जुनी असली की दोन-तीन मिनिटं वाढतात आणि ते पुढच्या वेळी आठवत नाही.

आणि या सगळ्याचे दोनच भाग: भिजवलेलं आणि न भिजवलेलं. नाश्ता, भाज्या, गोडधोड असे विभाग सुंदर दिसतात, पण संध्याकाळी सहाला बर्फातून घरी आल्यावर मनात प्रश्न एकच असतो: सकाळी काही भिजत घातलं होतं का? नसेल तर मसूर, मूगडाळ, तूर, बटाटा हे पान उघडायचं. असेल तर दुसरं. न भिजवलेल्या पानाचा छोटा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. तुम्ही जेवायला येता तेव्हा मी जे बघून सांगते ते हेच.

वहीतल्या दोन्ही भागांतलं थोडं देऊन ठेवते. अर्धा तास भिजवलेली तूरडाळ आठ मिनिटं, न भिजवलेली बारा. दोन्हीला वाफ आपोआप उतरू द्यायची. रात्रभर भिजवलेले छोले पंधरा मिनिटं, राजमा पंचवीस, वाफ आपोआप. मोड आलेली मटकी एक मिनिट आणि लगेच वाफ सोडायची, नाहीतर तिचं पिठलं होतं. पुरणासाठी दोन तास भिजवलेली हरभराडाळ बारा मिनिटं; कट काढून आमटीला ठेवायचा आणि गूळ घालून पुरण आटवायचं ते कढईत, भांड्यात खाली लागतं. इडली आणि मोदक दाबाशिवाय, वाफेचं तोंड उघडं ठेवून, बारा मिनिटं; त्या वेळी माझ्या भांड्यातलं घड्याळ पुढे सरकत नाही, म्हणून वेगळं घड्याळ लावायचं.

चिंच, आमसूल, टोमॅटो, गूळ डाळ शिजल्यावरच. आंबटाने आणि गोडानेही दाण्याचं साल नि गर लवकर सुटत नाही. मग कितीही मिनिटं वाढवा, डाळ दाणेदारच राहते. आईच्या वहीत चिंच-गूळ शिट्ट्यांच्या नंतर लिहिलेत ते उगाच नाही. ही एक गोष्ट तिने लिहिली होती आणि मीच 'सगळं एकदम घालून बटण दाबा' या नादात मोडली होती.

एक गोष्ट मात्र शेऱ्यात नाही, पानाच्या डोक्यावर लाल शाईत आहे. या भांड्यात मंद आचेवर सात-आठ तास शिजवण्याचं बटण आहे. त्यावर राजमा कधीही कच्चा लावू नका. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचा विषारी घटक असतो, तो मोडायला खरी उकळी लागते. मंद आचेवर दाणा मऊ होतो पण तो घटक तसाच उरू शकतो आणि उलट्या-जुलाब होतात. भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि दाबाखालीच शिजवायचा. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना मी हे आधी सांगते, मिनिटं नंतर.

दह्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सोपं आहे. बाहेर उणे वीस असताना पूर्वी मी विरजण लावलेलं पातेलं दिवा लावलेल्या ओव्हनमध्ये ठेवायचे आणि सकाळी धाकधूक असायची. आता दूध तापवून, कोमट करून, विरजण लावून दह्याचं बटण दाबते. आठ तासांत सुरीने कापावं असं दही. इडलीचं पीठही त्याच बटणावर बारा तासांत फुगतं, फक्त भांड्याचं झाकण न लावता वर ताटली ठेवायची, पीठ चढून वाफेच्या तोंडात जाऊ नये म्हणून. आणि झाकणाची रबरी रिंग दोन ठेवा. लसूण-गोड्या मसाल्याचा वास तिच्यात मुरतो, तो दह्याला लागतो. माझी दह्याची रिंग वेगळी आहे, तिला दोरा बांधलाय.

"भारतात आईसाठी घेऊन जाऊ का?" असंही दोघातिघांनी विचारलंय. इथलं नेऊ नका. ते १२० व्होल्टवर चालतं, तिथे २३० असतात. द्यायचंच असेल तर तिथे मिळणारं द्या. मी विचारलं होतं आईला. तिला नकोय. पण मागच्या महिन्यात तिने तिच्या मूळ वहीतल्या आमटीच्या पानाचा फोटो पाठवला. "३ शिट्ट्या"च्या पुढे निळ्या पेनाने नवीन लिहिलंय: "मग बारीक गॅस ५ मि. उघडायची घाई नको." आता ती भाताच्या पानावर आलीय, आणि रविवारी सकाळी आठला फोन तीच लावते.