नांगर अपडेट: झोका काबूत, पण दुसऱ्या नांगराचा बेत बदलला

झोका, म्हणजे नांगरलेल्या होडीचं वाऱ्यात दोन्ही बाजूंना झुलणं, अखेर आटोक्यात आला. 25-30 नॉटच्या (ताशी सुमारे 46-56 किमी) झोतांमध्ये होडी दोन्ही बाजूंना जवळपास 50-50 अंश भटकायची, ती आता 20-25 अंशांत राहते. नांगर एकदा रुतला की जागचा हलत नाही, दोराला बसणारे हिसकेही बरेच मवाळ झाले आहेत.

सेटअप तोच आहे: साडेपाच मीटरची उघडी फायबर होडी, आउटबोर्ड (मागे बाहेरून बसवलेलं इंजिन), 10 किलोचा रोल-बारवाला (वर कमानीसारखी दांडी असलेला) नांगर, 8 मिमीची 5 मीटर साखळी आणि पुढे 12 मिमीचा तीन पेडी नायलॉन दोर, 45 मीटर. आधीचा घडीचा पात्यांचा नांगर आता राखीव. वाळूत आणि मऊ चिखलात त्या जातीची पकड वजनाच्या मानाने जबरदस्त असते. पण वारा उलटा फिरला की तो उपटला जातो आणि पात्यांमध्ये शिंपला किंवा गवताचा गोळा अडकला तर पुन्हा रुततच नाही. वारा फिरण्याची शक्यता असेल तर मुख्य नांगर म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये, हे मत कायम आहे.

स्कोपचा, म्हणजे नाळेपासून (होडीच्या पुढच्या टोकापासून) तळापर्यंतच्या उंचीच्या किती पट दोर सोडायचा याचा, हिशेब पुन्हा एकदा, कारण विचारणा सारखी होते. टाकताना खोली 3 मीटर, भरतीने वाढणारी 1.5, पाण्यापासून नाळेची उंची 0.8, एकूण 5.3. त्याचे सातपट 37 मीटर. नुसत्या 3 मीटरचे सातपट धरून 21 मीटर सोडले, तर भरतीला प्रत्यक्ष स्कोप जेमतेम 4:1 उरतो. दोर ताणून सरळ झाला असं धरलं तर 3:1 ला नांगरावरची ओढ तळाशी साडेएकोणीस अंशांचा कोन करते, 5:1 ला साडेअकरा, 7:1 ला आठच्या थोडा वर, 10:1 ला पावणेसहा. सातच्या पुढे दर मीटरमागे मिळणारा फायदा घटत जातो, पण जागा असेल तर दोर पिशवीत ठेवून काय करायचं?

आता साखळीचा गैरसमज. ‘जड साखळी तळाला पडून राहते, म्हणून ओढ आडवी राहते’ हे मंद वाऱ्यात खरं. वरच्या मापांनी गणित मांडलं तर साधारण 40 किलोच्या ओढीला 5 मीटर साखळीची शेवटची कडीसुद्धा तळ सोडते. साखळी दुप्पट केली तरी 75 किलोच्या आतच. एबीवायसीच्या (अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल) तक्त्यात 20 फुटी होडीसाठी 30 नॉटला 360 पौंड, म्हणजे सुमारे 163 किलो धरले आहेत, आणि 42 नॉटला त्याच्या दुप्पट. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, दुसरं काही नाही. तक्ता हात राखून केलेला आहे, पण कल यायला पुरेसा. साखळीचं खरं काम तळावर घासलं जाणं सोसायचं. हिसका गिळायचं काम नायलॉनचं. दोरावर मध्येच लोंबकळणारं वजन लावायची शिफारस अजून होते. तेच पाच-सहा किलो नांगरात घाला, जास्त कामाला येतील.

मग एवढं सगळं असून नांगर का चाळवत होता? झोक्यामुळे. पुढचा भाग उंच आणि हलका, त्यामुळे झोत आला की नाळ बाजूला फेकली जाते. होडी तिरकी झाली की वाऱ्यापुढे येणारं क्षेत्रफळ वाढतं, ती वाऱ्यावर स्वार होऊन एका बाजूला पळते, दोर संपला की हिसका बसतो, नाळ वळते आणि दुसऱ्या बाजूची फेरी सुरू. दोराची ओढ प्रत्येक टोकाला सरळ वाऱ्यातल्या ओढीच्या दुपटीहून वर सहज जाते, तीही दर वेळी वेगळ्या दिशेने. नांगर खुंटा हलवून ढिला करावा तसा दोन्ही बाजूंनी वळवला जातो.

पहिला उपाय म्हणजे नाळेच्या दोन क्लीटवरून (दोर बांधायच्या खुंट्यांवरून) व्ही आकाराचा दोर. फरक शून्याच्या जवळ. दोन क्लीटमध्ये 60 सेंटिमीटर अंतर असेल तर इतक्या अरुंद पायाला होडी वळण्यापासून रोखण्याइतका जोर कुठून येणार? दोन सांगाड्यांच्या होडीला तो दोर शोभतो, कारण तिचा पायाच रुंद.

दुसरा उपाय, मुख्य दोरावर रोलिंग हिचने (ताणात न सरकणाऱ्या गाठीने) एक आडदोर बांधून तो मधल्या क्लीटवर घेणे. होडी 15-20 अंश तिरकी धरली जाते आणि झोका खरोखर थांबतो. पण लाट उभी राहायला लागली की उघड्या होडीची कुशी तिला मिळते. शांत पाण्यातल्या जोरदार वाऱ्याला ठीक, खराब हवेला बाद.

तिसरा उपाय चालला: मागच्या कोपऱ्यात छोटं शीड. काठीला लागणारी कड 1.2 मीटर, तळाची कड 1 मीटर, म्हणजे 0.6 चौरस मीटरचा त्रिकोण. काठी 38 मिमीची ॲल्युमिनियम नळी, ट्रान्समला (होडीच्या मागच्या उभ्या फळीला) दोन यू-बोल्टने, आतून आधाराची बॅकिंग प्लेट देऊन. 30 नॉटला शीड पूर्ण आडवं आलं तरी भार साधारण 10 किलोच, पण प्लास्टिकच्या गळ-होल्डरला तो उंचावरून येणारा भार झेपत नाही, तिथे काठी खोचू नका. शिडाचा मोकळा कोपरा पुढच्या दिशेला, मधल्या बाकाकडे ताणायचा. कापड सपाट हवं, पोट असलेलं नको. पोट आलं की ते फडफडतं आणि फडफडणारं शीड होडीला उलट हलवत बसतं. ताडपत्रीचा नमुना कोपऱ्यातून फाटला. ज्या पुरवठादाराने पितळी म्हणून आयलेट दिले त्यांवर नुसता मुलामा होता, तेही गंजले. आता जुन्या डॅक्रॉन (पॉलिएस्टर कापडाच्या) शिडाचा तुकडा, कोपऱ्यांना तीन थर आणि आयलेटऐवजी शिवलेली वेबिंगची (जाड पट्ट्याची) फासकी. शिवाय पुढचं कापडी छप्पर दुमडून खाली ठेवायचं. ते उभं असताना मागचं शीड अर्धं वाया जातं.

किरकोळ गोष्टी. नांगर आणि साखळीमधलं स्विव्हल (फिरता सांधा) काढून टाकलं. आडव्या भाराखाली स्टेनलेसचे जबडे वाकतात. ठेवायचंच असेल तर नांगर आणि स्विव्हलमध्ये चार-पाच कड्या सोडा. शॅकल (पिनेने बंद होणारी जोडकडी) गॅल्व्हनाइज्ड, भारक्षमता ठोकलेली, पिन तारेने बांधलेली. दोराच्या टोकाला थिंबल (धातूची खोबण) घालून आय-स्प्लाइस, म्हणजे पेड दोरातच विणून केलेला फास, पूर्ण पाच टक्स (विणीचे फेरे). गाठीने दोराची ताकद बरीच जाते. चॉकमध्ये (दोर काठावरून बाहेर जातो त्या खाचेत) घासू नये म्हणून फायर होजचा तुकडा. पारदर्शक प्लास्टिक नळी नको: ताण घेताना नायलॉन आतून तापतो आणि नळी पाणी आत येऊ देत नाही. आणि बाकी काही करा, मागून नांगरू नका. ट्रान्समवरून पाणी शिरायला एक लाट पुरते.

नांगर रुतवताना मागच्या गियरमध्ये हळूहळू जोर वाढवून अर्धा मिनिट धरायचा आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत ठेवून पाहायचं. दोरावर हात ठेवला आणि थरथर लागली तर नांगर घसरतो आहे. छोट्या आउटबोर्डची मागची ओढ 30 नॉटच्या वाऱ्याइतकी नसते, त्यामुळे ही चाचणी पास झाली म्हणजे फक्त नांगर बसला, एवढंच समजायचं.

पुढचा बेत होता दुसरा नांगर 45-60 अंशांच्या व्ही मध्ये. पण हे लिहितानाच तो मोडीत निघाला. वारा अर्धा गोल फिरला की दोन लांब दोरांचा पीळ होतो आणि अंधारात तो सोडवायला कोणी नको. त्यापेक्षा राखीव 4 किलोचा पात्यांचा नांगर नाळेखाली सरळ तळाशी सोडायचा, आखूड दोरावर. पकड धरायला नाही, नुसता घासत फिरायला. नाळ पळायला लागली की तो तिला मागे ओढेल. पीळ इथेही पडेल, पण आखूड दोर नाळेवरून पटकन ओढून घेता येतो.

भरतीच्या 5.3 मीटरच्या दीड पट म्हणून 8 मीटर दोर हा पहिला आकडा होता. तो चालणार नाही. ओहोटीला एकूण 3.8 मीटर उरतात, तेव्हा तोच 8 मीटर 2:1 च्या वर जातो आणि हा नांगर नीट रुतून बसला तर सगळे हिसके आखूड, न ताणणाऱ्या दोरावर येतील. म्हणून सुरुवात 6 मीटरपासून, शीड लावून आणि न लावता दोन्ही.